मुंबई किती लांब आहे

सिंगापूरहून मुंबईला किती वेळ लागतो असं कुणी विचारलं, की मी उलट विचारते, "कुठल्या महिन्यात?" समोरच्याला वाटतं, मी टाळतेय. तिकिटावर तर साडेपाच तास छापलेले असतात, मोबाइलवर क्षणात अंतर कळतं, मग महिन्याचा काय संबंध? पण माझं काम त्या संबंधाचंच आहे. चांगी विमानतळापासून फार लांब नसलेल्या एका इमारतीत मी फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम करते. विमान कुठल्या वाटेनं जाईल, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन, आणि मुंबईत उतरता आलं नाही तर कुठे वळेल, हे सगळं विमान सुटण्याच्या काही तास आधी मांडून ठेवायचं. मग तो फ्लाइट प्लॅन वैमानिकांकडे जातो. ते वाचतात, शंका विचारतात, वाटलं तर इंधन वाढवून मागतात. शेवटचा शब्द कॅप्टनचा. पण त्याच्या पुढ्यात येणारा पहिला हिशेब आमचा असतो.

चांगी ते मुंबई हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. आमच्याकडे किलोमीटर चालत नाहीत, सागरी मैल चालतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. पृथ्वीच्या परिघावर एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, जेवढी जागा व्यापते, तेवढं हे अंतर. या मापानं मुंबई २,११५ सागरी मैलांच्या आसपास येते. पण ही झाली पृथ्वीच्या गोलाईवरून दोरी ताणून मोजलेली सगळ्यात जवळची वाट. विमानं आखलेल्या हवाई मार्गांवरून जातात. मलाक्काची सामुद्रधुनी, अंदमानचा समुद्र, बंगालचा उपसागर, चेन्नईची बाजू आणि मग दख्खन तिरपं ओलांडून मुंबई. उपसागरावरच्या एका मार्गावर वाम्पी, मेकार, निलाम, इगोगु अशा नावांच्या खुणा आहेत. समुद्रावर तिथे काहीच नसतं. फक्त अक्षांश-रेखांशाचा एक बिंदू, आणि रेडिओवर पटकन उच्चारता येईल असं पाच रोमन अक्षरांचं नाव. लहानपणी एसटीच्या खिडकीतून सातारा, उंब्रज, कराड, पेठनाका ही नावं जशी ओळीनं पाठ झाली होती, तशीच आता ही झाली आहेत.

वळणं धरली की ही वाट साधारण २,२०० मैलांची होते असं समजा. हा जमिनीवरचा आकडा. आमच्या कागदावर त्याच्या शेजारी आणखी एक आकडा असतो, हवेतल्या अंतराचा. माझ्या मते सगळ्या कागदावर सगळ्यात खरा आकडा तोच. विमान उडतं ते हवेतून, आणि हवा जागेवर उभी नसते. विमानाचा हवेतला वेग ताशी ४६० मैल आहे, आणि वाटभर सरासरी २५ मैलांचा वारा पाठीमागून आहे, असं धरलं तर मुंबई साडेचार तासांत येते. त्या वेळात विमानानं हवेतून कापलेलं अंतर २,०८७ मैल. तोच वारा समोरून आला तर पाच तास तीन मिनिटं, आणि अंतर २,३२६ मैल. दोन्ही शहरं जागच्या जागी आहेत. तरी विमानाला आणि त्याच्या इंजिनांना मुंबई एका दिवशी जवळ असते आणि दुसऱ्या दिवशी सुमारे दोनशे चाळीस मैलांनी लांब. इंधन जळतं ते या दुसऱ्या अंतराच्या हिशेबानं.

आता महिन्याकडे येते. शाळेत आपण सगळे नैर्ऋत्य मोसमी वारे शिकलो. जूनमध्ये ते अरबी समुद्रावरून येतात, सह्याद्रीला धडकतात, कोकण भिजवतात. ते वारे खालचे, जमिनीजवळचे. त्याच दिवसांत तिबेटचं उंच पठार तापतं, आणि दक्षिण भारताच्या डोक्यावर बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर बरोबर उलटा वारा सुरू होतो. पूर्वेकडून पश्चिमेकडे, जोरदार, सलग. या उष्णकटिबंधीय पूर्व-झोताचं वर्णन १९५८ साली पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी जगापुढे मांडलं. मी हे पहिल्यांदा प्रशिक्षणात वाचलं तेव्हा हरखून गेले होते. रत्नागिरीत माणसं पश्चिमेच्या झडीला पाठ देऊन छत्री सांभाळत असतात, आणि त्यांच्या वर, ढगांच्या माथ्यांवरून, दुसरा वारा उलट्या दिशेनं धावत असतो. आमची विमानं या झोताच्या ऐन गाभ्यात जात नाहीत, तो त्यांच्यापेक्षाही वर असतो. पण त्याचा खालचा पदर छत्तीस-अडतीस हजार फुटांवर चांगला जाणवतो.

म्हणून जुलैत सिंगापूरहून मुंबईला जाणाऱ्या विमानाला पाठीवर हात मिळतो, आणि मुंबईहून येणाऱ्याला तोच वारा सामोरा येतो. जानेवारीत भारतावर पश्चिमेचे वारे उतरलेले असतात. तेव्हा चेन्नई ओलांडल्यावर मुंबईचा शेवटचा टप्पा रेंगाळतो, आणि परतीचं विमान वेळेआधी चांगीत येऊन जागा रिकामी व्हायची वाट बघत उभं राहतं. 'जाताना जास्त, येताना कमी' असा एक ठोकताळा प्रवासी धरून असतात. तो हिवाळ्यात खरा असतो, पावसाळ्यात उलटा पडतो.

मात्र वाऱ्यानं दिलेली मिनिटं मुंबईला पोचेपर्यंत शिल्लक राहतीलच असं नाही. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणानं विमानं उतरवता येत नाहीत, सगळा भार प्रत्यक्षात एकीवर. एरवीही तिथे रांग असते. जुलैत एक जोराची सर आली, दृष्टी कमी झाली, दोन विमानं न उतरता पुन्हा वर गेली, की मागच्या सगळ्यांना आकाशात घिरट्या घालत थांबावं लागतं. पावसाळ्यातल्या संध्याकाळच्या विमानासाठी पर्याय म्हणून मी अहमदाबाद धरते की हैदराबाद, नागपूर की गोवा, हा निर्णय नुसत्या अंतरावर होत नाही. मुंबईत जो पाऊस आहे तोच गोव्यातही असेल तर गोवा जवळ असूनही निरुपयोगी. तिथे आधीच चार विमानं वळली असतील तर उभं राहायला जागा नाही. पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन, त्यावर शेवटची अर्ध्या तासाची अशी शिल्लक जिला हात लावायचा नाही, त्यावर मुंबईच्या रांगेसाठी थोडं.

हे 'थोडं' फुकट मिळत नाही. जादा घेतलेलं इंधन वाहून नेण्यातच दर तासाला त्याच्या वजनाच्या तीन-चार टक्के इंधन जळतं. एक टन जास्त भरलं तर मुंबईच्या आकाशात पोचेपर्यंत त्यातलं दीड-दोनशे किलो गेलेलं असतं. विमान भरलेलं असेल तर त्या टनाच्या बदल्यात खालच्या पेट्या इथेच ठेवाव्या लागतात. कुणाचे यंत्राचे सुटे भाग असतात, कुणाचं आणखी काही. मालवाहतुकीचे लोक फोन करून विचारतात, खरंच हवंय का एवढं? पावसाळ्यात माझं उत्तर बहुतेक वेळा 'हवंय' असंच असतं. २६ जुलै २००५ ला मुंबई विमानतळ बंद ठेवावा लागला होता. तेव्हा मी शिकत होते. पण त्या दिवसाचा पाऊस ज्यानं पाहिलाय, त्याला हवामानाच्या अहवालातली अक्षरं नुसती अक्षरं राहत नाहीत. आमच्याकडचे एक ज्येष्ठ मलय कॅप्टन जुलैत मुंबईला निघाले, की कागद हातात घेऊनही मला विचारतात, तुझं काय म्हणणं आहे? या कामात मला मिळालेला सगळ्यात मोठा मान मी तोच समजते.

तिकिटावरचे साडेपाच तास हे हवेतले तास नव्हेत. चांगीत चाकांपुढचे ठोकळे काढले तिथपासून मुंबईत पुन्हा लावले तिथपर्यंतचा हा वेळ, आणि त्यात रांगांची, ढकलाढकलीची, वाऱ्याच्या लहरीची तजवीज असते. त्यातच घड्याळाची अडीच तासांची तफावत मिसळते. दोन शहरांमध्ये ३१ रेखांशांचं अंतर आहे. सूर्याच्या हिशेबानं ते दोन तास चार मिनिटांचं. वरची सव्वीस मिनिटं माणसांनी घातलेली. सिंगापूरनं १ जानेवारी १९८२ पासून मलेशियाबरोबर आपलं घड्याळ अर्धा तास पुढे नेलं आणि ते ग्रिनिचच्या आठ तास पुढे गेलं. त्यामुळे विषुववृत्ताजवळच्या या शहरात बाराही महिने सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आणि मुलं अंधारात शाळेची बस पकडतात. मुंबईनंही आपलं वेगळं 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत धरून ठेवलं होतं. ते आज असतं, तर ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढच्या मुंबईशी आमची गणितं आणखी अवघड झाली असती.

इथल्या मराठी मुलांच्या एका वर्गात मला एकदा कामाबद्दल बोलायला बोलावलं होतं. मी पृथ्वीचा गोल आणि दोरा घेऊन गेले. एका मुलीला सांगितलं, सिंगापूर आणि न्यू यॉर्क यांच्यामध्ये दोरा सगळ्यात कमी लागेल असा ताण. तिनं आधी जपानवरून ताणला, मग युरोपवरून, आणि शेवटी सरकत सरकत दोरा थेट उत्तर ध्रुवाजवळ जाऊन बसला. मुलांना ते खोटंच वाटलं. पण चांगी १०४ अंश पूर्वेला आहे आणि न्यू यॉर्क ७४ अंश पश्चिमेला. दोघांचे रेखांश जवळजवळ समोरासमोर आहेत, म्हणून जवळची वाट ध्रुवापासून जेमतेम तीनशे किलोमीटरवरून जाते. तिची लांबी १५,३०० किलोमीटरच्या थोडी वर. "मग विमान ध्रुवावरून का जात नाही?" त्या मुलीनं विचारलं. मी याच प्रश्नाची वाट बघत होते.

ते जात नाही, कारण सगळ्यात छोटी वाट म्हणजे सगळ्यात लवकरची वाट नव्हे. न्यू यॉर्कला जाताना विमान पूर्वेला वळून प्रशांत महासागरावरचा पश्चिमी झोतवारा धरतं. जपानजवळ हिवाळ्यात हा वारा ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरचा असतो. वाट हजारभर किलोमीटरनं वाढते, वेळ मात्र कमी होतो. परत येताना तोच वारा टाळायचा, म्हणून कधी अटलांटिक आणि युरोपवरूनही येतात. ही विमानं माझ्या कंपनीची नाहीत. पण या धंद्यातला प्रत्येक माणूस त्यांच्याकडे डोळे लावून असतो. सिंगापूर एअरलाइन्सनं २८ जून २००४ ला न्यू यॉर्कलगतच्या नेवार्कला थेट उड्डाण सुरू केलं ते चार इंजिनांच्या ए३४०-५०० विमानानं. इंधनाचा खर्च पेलेना म्हणून नोव्हेंबर २०१३ मध्ये ते बंद झालं. ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन इंजिनांचं ए३५०-९०० यूएलआर आलं आणि वाट पुन्हा उघडली. नोव्हेंबर २०२० पासून जेएफके विमानतळालाही थेट जाता येतं. या विमानात १,६५,००० लिटर इंधन मावतं, आणि आसनं फक्त १६१. एका आसनामागे हजार लिटरांहून जास्त. साडेअठरा-एकोणीस तास हवेत राहण्याची किंमत अशी असते. मुलांनी हा भागाकार फळ्यावर स्वतः केला.

वाऱ्याचं एक बरं असतं, तो ऋतूप्रमाणे वागतो. माणसं तशी वागत नाहीत. २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं, तेव्हा सिंगापूरहून युरोपला जाणाऱ्या विमानांची वाट एका दुपारीत मोडली. सगळ्यांना दक्षिणेकडून वळसा घ्यायचा होता. काही विमानांना त्या पहिल्या दिवसांत मधेच इंधनासाठी उतरावं लागलं. जुलैच्या मध्यावर ते आकाश पुन्हा उघडलं. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलच्या आकाशावर नियंत्रण करणारं कुणी उरलं नाही, फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश अनेक देशांच्या विमानांना बंद झालं. पृथ्वीवरचा एक दगड हलला नाही, आणि शहरं एकमेकांपासून तासातासांनी लांब गेली. अशा रात्री आमच्या खोलीत कुणी बसत नाही, सगळे उभ्यानं काम करतात.

पाळी संपवून शहरात आले की सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलवरून जाणं होतं. पांढरंशुभ्र देऊळ, भोवती हिरवळ, समोर सिटी हॉलचं मेट्रो स्टेशन. ते १८५६ ते १८६१ या काळात हिंदुस्थानातून पाठवलेल्या कैद्यांनी बांधलं. शिंपल्यांचा चुना, अंड्याचा बलक काढून उरलेलं पांढरं आणि साखर घोटून त्यांनी त्या भिंतींचा गिलावा केला. १८२५ पासून इथे असे कैदी येत होते. बंगाल आणि मद्रासबरोबर मुंबई इलाख्यातूनही आले. आज ज्याला मी पाच तास म्हणते, ते अंतर त्यांच्यातल्या बहुतेकांसाठी एकाच दिशेचं होतं. त्यांच्यात आपल्याकडच्या गावांचे किती होते, त्यांनी कुणाला काय निरोप धाडला, हे त्या भिंती सांगत नाहीत. मी तरी तिथून घाईनं जाऊ शकत नाही.

आता परतीची वाट आहे, रोज आहे, म्हणून तिच्यावर माणसं फार मोठी ओझी ठेवतात. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. इथल्या तुआसच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात कामाला असलेला, कराडजवळच्या गावचा एक मुलगा ओळखीचा होता. जुलैतल्या एका दुपारी त्याचा फोन आला. "ताई, वडील गेले. भाऊ विचारतोय, थांबायचं का? मी किती वाजता पोचेन?"

लोक मला तास विचारतात ते बहुतेक सुट्टीच्या आखणीसाठी. हा आकडा वेगळा होता. यावर घरचे थांबणार किंवा थांबणार नाहीत. मी कागद घेतला. संध्याकाळी सातचं विमान मिळालं तर मुंबईत रात्री दहाला चाकं टेकतील. सामान नाही, तरी पासपोर्टची रांग, बाहेर गाडी गाठणं, सव्वाअकरा. मुंबई ते कराड तीनशे किलोमीटरच्या वर. द्रुतगती मार्ग, पुण्याची बाजू, खंबाटकी, सातारा. कोरड्या दिवसात सहा तास. पण जुलै आहे, रात्र आहे, खंडाळ्यात धुकं असणार. आणि मुंबईवर घिरट्या. मनात साडेपाच येत होते. त्याला धीर यावा म्हणून पाच म्हणावं असंही वाटून गेलं. मी म्हटलं, "सात धरा. सातच्या आत व्हायचं नाही असं भावाला सांग."

त्या रात्री त्याचं विमान माझ्याकडे नव्हतं, पण मी ते पडद्यावर बघत राहिले. उपसागरावर वारा पाठीशी होता. चेन्नई ओलांडली तेव्हा ते वेळेच्या बरंच पुढे होतं. मग मुंबईच्या अलीकडे वळलं, आणि फिरू लागलं. एक फेरी, दुसरी, तिसरी. वाऱ्यानं दिलेलं सगळं तिथे संपलं, वर थोडं उसनंही झालं. वर्दळीच्या आकाशात कुणाला घाई आहे हे कुणालाच माहीत नसतं, आणि प्रत्येक विमानात कुणी तरी असं असणारच.

तो तेराव्यानंतर परत आला आणि घरी भेटायला आला. बराच वेळ वडिलांबद्दल बोलत राहिला. उसाचा हंगाम, बैल विकले ते वर्ष, त्याला इथे पाठवताना त्यांनी काढलेलं कर्ज. मग म्हणाला, "ताई, तुम्ही सात म्हणालात म्हणून भावानं पाहुण्यांनाही सातच सांगितलं होतं. मी पावणेसातला उतरलो. कुणाला ताटकळावं लागलं नाही." चहा झाल्यावर त्यानं विचारलं, पुण्याला थेट विमान असतं तर किती वाजता पोचलो असतो?

तेव्हा ते नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये विस्तारा या विमान कंपनीनं पुणे–सिंगापूर थेट सेवा सुरू केली, तेव्हा मी आधी हाच हिशेब केला. हवेतल्या वेळात फारसा फरक नाही. पण पुण्याहून कराड एकशे साठ किलोमीटर. मुंबईची रांग नाही, खंडाळ्याचा घाट नाही. रस्त्याचे किमान तीन तास वाचले. मी त्याला फोन करून सांगितलं.